चार वर्षं बाजूला पडलेला कागद : सिमॉन व्हॅन डर मेर आणि अँटीप्रोटॉनचा साठा

ऑगस्ट १९७२ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेत एक छोटा अंतर्गत अहवाल निघाला. लेखक सिमॉन व्हॅन डर मेर. वर्तुळाकार त्वरकात, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, फिरणाऱ्या कणांचे हेलकावे कमी कसे करता येतील, एवढाच त्याचा विषय. शेवटी लेखकाने एक टीप जोडली होती. तिचा आशय असा : हे काम १९६८ सालीच झालं होतं, पण तेव्हा कल्पना इतकी दूरची वाटली की छापण्यात अर्थ दिसला नाही. ज्या सूक्ष्म चढउतारांवर ती उभी आहे ते आता प्रयोगात दिसले आहेत. व्यवहारात उपयोग होईल अशी शक्यता अजूनही कमीच आहे, तरी निदान आकडेमोड नोंदवून ठेवावी.

बारा वर्षांनी, १९८४ मध्ये, याच कल्पनेसाठी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. कार्लो रुबिया यांच्यासोबत ते विभागून होतं. टीप लिहिली तेव्हा व्हॅन डर मेर यांच्याकडचं रोजचं काम चुंबकांना वीज पुरवणाऱ्या यंत्रणेचं होतं.

कणभौतिकीबद्दल आपल्याकडे लिहिलं जातं तेव्हा नायक बहुतेक वेळा सिद्धांत मांडणारा किंवा प्रयोगाचा प्रमुख असतो. त्वरक बांधणारा, त्याच्या चुंबकांचा प्रवाह स्थिर ठेवणारा इंजिनिअर आभाराच्या ओळीत जातो. हे प्रकरण मी निवडलं ते यासाठी की यात निर्णायक पाऊल इंजिनिअरच्या विचारपद्धतीतूनच पडलं. माझं मत आधीच सांगतो : व्हॅन डर मेर कंट्रोल इंजिनिअर नसते, तर ही युक्ती त्यांना सुचणं अवघड होतं.

हेग, डेल्फ्ट, आइंडहोवन

जन्म २४ नोव्हेंबर १९२५, नेदरलँड्समधल्या हेग शहरात. वडील शिक्षक, आईही शिक्षकांच्या घरातली. शाळेची अंतिम परीक्षा १९४३ मध्ये झाली, पण देश जर्मनीच्या ताब्यात होता आणि विद्यापीठं बंद होती. मग दोन वर्षं ते त्याच शाळेत राहिले आणि विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेला हा मुलगा मानव्य शाखेच्या वर्गात बसू लागला. फावल्या वेळात भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना प्रात्यक्षिकं मांडायला मदत करायची आणि घरी इलेक्ट्रॉनिक्सची खटपट करायची, असा त्यांचा क्रम होता.

युद्ध संपल्यावर डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात त्यांनी तांत्रिक भौतिकी घेतली. विशेष विषय होता मापन आणि नियमन, म्हणजे एखादी राशी मोजायची, ती हवी तिथून किती सरकली आहे ते पाहायचं आणि तेवढी उलटी दुरुस्ती करायची. घरातल्या व्होल्टेज स्टॅबिलायझरपासून विमानाच्या ऑटोपायलटपर्यंत सगळीकडे चालतं ते हेच शास्त्र. १९५२ मध्ये पदवी मिळाली. त्यानंतर आइंडहोवनला फिलिप्सच्या संशोधन प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांसाठी लागणारी उच्चदाब यंत्रणा आणि इलेक्ट्रॉनिक्स यांवर त्यांनी काम केलं. १९५६ मध्ये ते नुकत्याच स्थापन झालेल्या सर्नमध्ये आले आणि १९९० मध्ये तिथूनच निवृत्त झाले.

डेल्फ्टमध्ये मिळालेलं भौतिकशास्त्र विद्यापीठांच्या मानाने मर्यादित होतं, याची त्यांना पुढे खंत वाटायची. तसं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. मात्र त्याच ठिकाणी ते असंही म्हणतात की भौतिकशास्त्राकडे थोडं हौशी नजरेने पाहणं आणि हाताशी भरपूर प्रत्यक्ष अनुभव असणं, हे आपल्या नव्या कल्पनांना कदाचित उपयोगीच पडलं. नोबेल मिळालेल्या माणसाचा हा विनय म्हणून ते वाक्य बाजूला सारू नये. पुढची सगळी हकिकत त्याला दुजोरा देते.

दोन जुनी हत्यारं

सर्नमधल्या पहिल्या वर्षांत त्यांनी प्रोटॉन सिंक्रोट्रॉनच्या, म्हणजे पीएसच्या, चुंबकांवरच्या दुरुस्ती-वेटोळ्यांवर काम केलं. मग १९६१ मध्ये पहिली मोठी युक्ती आली : चुंबकीय कर्णा, म्हणजे हॉर्न.

न्यूट्रिनो नावाच्या सूक्ष्म कणांवर विद्युतभार नसतो, त्यामुळे चुंबकाने ते वळत नाहीत. त्यांचा झोत हवा असेल तर पायॉन नावाच्या ज्या अल्पायुषी कणांपासून ते जन्मतात त्यांनाच आधी एका दिशेला वळवावं लागतं. प्रोटॉन धातूच्या लक्ष्यावर आदळले की पायॉन सगळीकडे उधळतात. व्हॅन डर मेर यांनी लक्ष्याभोवती कर्ण्याच्या आकाराचं पातळ धातूचं कवच ठेवलं आणि त्यातून क्षणभरासाठी लाखो अँपिअर प्रवाह सोडला. त्या प्रवाहाच्या चुंबकीय क्षेत्राने तिरपे सुटलेले पायॉन आत वळून सरळ रेषेत आले. जगातल्या मोठ्या न्यूट्रिनो प्रयोगांत आजही हाच कर्णा वापरतात. पुढे १९७३ मध्ये सर्नच्या गार्गामेल बुदबुद-कक्षात, म्हणजे कणांचे माग बुडबुड्यांनी दाखवणाऱ्या टाकीत, 'उदासीन प्रवाहा'च्या (न्यूट्रिनो न्यूट्रिनोच राहून दुसऱ्या कणाला धक्का देतो त्या क्रियेच्या) खुणा सापडल्या, त्या कर्ण्याने गोळा केलेल्या न्यूट्रिनोंमुळेच. त्या शोधानंतर डब्ल्यू आणि झेड हे क्षीण बल वाहून नेणारे जड कण असलेच पाहिजेत असं बहुतेकांना वाटू लागलं. म्हणजे ज्या कणांच्या शोधात त्यांचा पुढे वाटा होता, त्या शोधाची गरज निर्माण करण्यातही त्यांच्याच यंत्राचा हात होता.

दुसरं हत्यार १९६८ सालचं. सर्न तेव्हा आयएसआर बांधत होतं. दोन कड्यांमधून प्रोटॉनचे दोन झोत उलट दिशांनी फिरवायचे आणि ठरावीक जागी एकमेकांवर आदळवायचे, अशी ही जगातली पहिली प्रोटॉन-टक्कर यंत्रणा. टकरींचं प्रमाण नेमकं किती, हे कळायला झोतांची उंची ठाऊक हवी, आणि झोत तर निर्वात नळीत फिरतो. व्हॅन डर मेर यांनी सुचवलं की एक झोत थोडा थोडा वर-खाली सरकवा आणि प्रत्येक जागी टकरी मोजा. येणाऱ्या आलेखाखालच्या क्षेत्रफळाला त्याच्या शिखराने भागा, म्हणजे परिणामी उंची हातात येते. झोताच्या आकाराबद्दल काही गृहीत धरायची गरज नाही. इतकी साधी, इतकी इंजिनिअरी पद्धत! 'व्हॅन डर मेर स्कॅन' या नावाने ती आजही चालते.

शीतनाची, म्हणजे झोतातल्या कणांचे हेलकावे कमी करण्याची, कल्पनाही त्याच वर्षीची. ती मात्र कागदावरच राहिली.

कणीक आणि सुटे दाणे

ही कल्पना समजून घेण्यासाठी थोडं थांबावं लागेल.

त्वरकात झोत फिरतो तेव्हा प्रत्येक कण आदर्श मार्गाच्या अवतीभवती हेलकावे खात असतो, आणि कणांच्या वेगातही थोडाथोडा फरक असतो. या अव्यवस्थेला 'उष्णता' म्हणतात आणि ती कमी करण्याला 'शीतन'. झोत थंड झाला की तो बारीक आणि दाट होतो, टकरी वाढतात.

पण इथे लिउव्हिलचा नियम आडवा येतो. चुंबकांनी झोत रुंदीने आवळला तर त्यातल्या कणांचे कोन पसरतात, कोन आवळले तर रुंदी पसरते. कणकेच्या गोळ्यासारखं आहे हे. एका बाजूने दाबा, दुसऱ्या बाजूने फुगतो, पीठ तेवढंच राहतं. चुंबक कितीही चांगले बनवले तरी यातून सुटका नाही.

व्हॅन डर मेर यांचं निरीक्षण असं की झोत ही कणीक नव्हेच. तो सुट्या दाण्यांचा बनलेला आहे आणि दाण्यांच्या मध्ये भरपूर रिकामी जागा आहे. एकेक दाणा कुठे आहे ते कळलं, तर त्याला मध्याकडे ढकलता येईल आणि मधली रिकामी जागा बाहेर सारता येईल. लिउव्हिलचा नियमही मोडत नाही, कारण दाण्यागणिक पाहिलं तर घनता तीच राहते, बदलते ती फक्त दाणे आणि पोकळी यांची मांडणी.

ऐकायला हे सोपं आहे. मात्र कोट्यवधी दाण्यांपैकी एकाची जागा कळणार कशी?

कड्याच्या एका बाजूला पिकअप बसवायचा, म्हणजे जवळून जाणारे कण मध्यापासून किती सरकले आहेत ते विद्युत संदेशातून सांगणारी पट्टी. तो संदेश अँप्लिफायरमधून वाढवून कड्याच्या पलीकडच्या बाजूला असलेल्या किकरला द्यायचा आणि किकरने त्याच कणांना उलटा धक्का मारायचा. कण जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावत असतो, मग संदेश त्याच्या आधी पोचेल कसा? कणाला कमानीवरून वळसा घालून जावं लागतं, संदेश मात्र सरळ आडव्या रेषेने जातो. त्या वाचलेल्या अंतरात केबल आणि अँप्लिफायरचा उशीर बसवायचा. हे सगळं एका अब्जांश सेकंदाच्या आत जुळावं लागतं.

कण एकच असता तर काही फेऱ्यांत काम संपलं असतं. खऱ्या झोतात पिकअपला एका वेळी हजारो कणांची सरासरी दिसते. त्या सरासरीत आपल्या कणाचा स्वतःचा वाटा अगदी छोटा, बाकीचा गोंगाट. इथे कंट्रोल इंजिनिअरची नजर कामाला येते. कणाचा स्वतःचा संदेश प्रत्येक फेरीत त्याला बरोबर दिशेनेच ढकलतो. इतरांचा गोंगाट कधी इकडे ढकलतो, कधी तिकडे. पहिला परिणाम प्रवर्धनाच्या (अँप्लिफायर संदेश किती पट वाढवतो त्याच्या) प्रमाणात वाढतो, दुसऱ्याने होणारी तापवणूक प्रवर्धनाच्या वर्गाच्या प्रमाणात. मग प्रवर्धन कमी ठेवा. फेरीमागे मिळणारी थंडी जराशी घटेल, पण तापवणूक खूपच घटेल. लाखो फेऱ्यांनंतर हिशेब आपल्या बाजूने झुकतो. त्यातच वेगवेगळ्या वेगाचे कण पुढे-मागे होत राहतात, म्हणून प्रत्येक फेरीला शेजारी बदलतात आणि गोंगाट नवा होतो. हे मिसळणं नसतं तर सारा प्रकार लवकरच ठप्प झाला असता.

या सगळ्यातून निघणारं सूत्र फार बोलकं आहे. थंड व्हायला लागणारा वेळ कणांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो आणि यंत्रणेच्या बँडविड्थच्या, म्हणजे ती हाताळू शकते त्या वारंवारतांच्या पट्ट्याच्या रुंदीच्या, प्रमाणात कमी होतो. प्रकरणाची किल्ली या सूत्रात आहे.

आयएसआरच्या एका कड्यात एक कोटी कोटीहून जास्त प्रोटॉन असत. दोन-अडीचशे मेगाहर्ट्झची बँडविड्थ धरली, तर आदर्श स्थितीतही थंड होण्याचा काळ चार-पाच दिवसांच्या घरात जातो, आणि प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त. १९६८ मध्ये लेखकाने कागद बाजूला ठेवला, यात मला भित्रेपणा दिसत नाही. त्या यंत्रासाठी हिशेब खरोखरच जुळत नव्हता. मात्र कणांची संख्या काही लाखांवर आली तर तोच काळ सेकंदांवर येतो. कमी कणांचा, पण मोलाचा झोत कुणाला लागणार होता? अशी गरज तेव्हा कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हती.

१९७२ मध्ये आयएसआरमध्ये वोल्फगांग श्नेल यांनी झोताचा तो सूक्ष्म गोंगाट, ज्याला शॉट्की नॉइज म्हणतात, प्रत्यक्ष टिपला. त्यानंतर अहवाल निघाला. मग सहकाऱ्यांनी आयएसआरमध्येच प्रयोग केला आणि १९७५ पर्यंत परिणाम दिसला. तो अगदी मंद होता, तासनतास वाट पाहिल्यावर लक्षात येणारा. पण त्याची दिशा बरोबर होती. लार्स थोर्नडाल यांनी फिल्टर वापरून कणांच्या संवेगातला फरक कमी करण्याची पद्धत काढली, आणि फ्रँक साखरर व डीटर म्योल यांनी सिद्धांत पक्का केला. त्यांची नावं मी मुद्दाम घेतो आहे, कारण नोबेलच्या यादीत ती नाहीत.

१९७६ : गिऱ्हाईक सापडलं

डब्ल्यू कणाचं अपेक्षित वस्तुमान सुमारे ८० जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट; कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक), झेडचं ९० च्या आसपास. सर्नचा नवा एसपीएस त्वरक, जवळपास ७ किलोमीटर परिघाचा, ४०० जीईव्हीपर्यंत जायचा. पण त्याचे प्रोटॉन स्थिर लक्ष्यावर आदळत. अशा टकरीत बहुतेक ऊर्जा ढिगाऱ्याला पुढे ढकलण्यातच जाते. ४०० जीईव्हीच्या प्रोटॉनमधून नवा कण घडवायला उरते ती सुमारे २७ जीईव्ही. समोरासमोरच्या टकरीत मात्र सगळी ऊर्जा वापरात येते. त्यासाठी नवं दोन कड्यांचं यंत्र बांधायचं, तर वर्षं आणि पैसा दोन्ही हवेत.

कार्लो रुबिया, पीटर मॅकइन्टायर आणि डेव्हिड क्लाइन यांनी १९७६ मध्ये धाडसी उपाय मांडला : आहे तेच कडं वापरा. प्रोटॉन एका दिशेने, अँटीप्रोटॉन, म्हणजे प्रोटॉनचे प्रतिकण, उलट दिशेने. विद्युतभार उलटा असल्याने तेच चुंबक दोघांनाही वळवतील. अमेरिकेतल्या फर्मिलॅब या प्रयोगशाळेने तो प्रस्ताव त्या वेळी घेतला नाही. सर्नने तो ऐकून घेतला.

अडचण अँटीप्रोटॉनची होती. निसर्गात ते सहज मिळत नाहीत. प्रोटॉन लक्ष्यावर आपटून ते तयार करावे लागतात आणि दहा लाखांहून जास्त प्रोटॉन खर्ची पडले की हाती येईल असा एखादा मिळतो. त्यातही ते वेगवेगळ्या दिशांनी आणि वेगांनी उधळलेले, म्हणजे प्रचंड 'उष्ण'. ते तसेच एसपीएसमध्ये सोडले तर टकरी नगण्य. थंड करून दिवसभर साठवले तरच उपयोग.

कमी कणांचा, पण मोलाचा झोत तो हाच.

समोर दोन मार्ग होते. एक, नोव्होसिबिर्स्कच्या गेर्श बुडकर यांनी १९६६ मध्ये सुचवलेलं इलेक्ट्रॉन-शीतन : थंड इलेक्ट्रॉनांचा झोत सोबत पळवायचा आणि त्यांनी उष्णता शोषून घ्यायची. हा मार्ग आधीच बऱ्यापैकी थंड असलेल्या, कमी ऊर्जेच्या कणांसाठी उत्तम. दुसरा, व्हॅन डर मेर यांचा 'यादृच्छिक शीतना'चा मार्ग, जो खूप उष्ण पण कमी कणांच्या झोतावर जास्त चांगला चालतो.

या टप्प्यावर सर्नने घेतलेला निर्णय मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो. कोट्यवधींचा प्रकल्प थेट मंजूर केला नाही, आणि 'अजून सिद्ध नाही' म्हणून फेटाळलाही नाही. आधी एक छोटं चाचणी-कडं उभारलं. त्याचं नाव आइस. म्यूऑन कणाचं चुंबकत्व मोजणाऱ्या जी-२ प्रयोगातले सुटे झालेले चुंबक त्यासाठी वापरले, त्यामुळे वर्षभराच्या आत कडं चालू झालं. १९७८ च्या उन्हाळ्यापर्यंत उत्तर आलं. यादृच्छिक शीतन उत्तम चालत होतं, आयएसआरमध्ये दिसलेल्या मंद परिणामाच्या कितीतरी पट वेगाने.

त्याच कड्यात आणखी एक शंका फिटली. अँटीप्रोटॉन टिकतो तरी किती वेळ? सिद्धांताप्रमाणे तो प्रोटॉनइतकाच स्थिर, पण प्रयोगातून तोवर सिद्ध झालेला काळ सेकंदाच्या दहाहजारांशाच्या आसपास होता. दिवसभर साठा करायचा तर एवढ्या पुराव्यावर कोण पैसे घालणार? आइसमध्ये सुमारे २४० अँटीप्रोटॉन सोडले गेले. ८५ तासांनंतरही त्यातले ८० च्या आसपास फिरत होते. जे गेले ते मुख्यतः नळीत उरलेल्या वायूच्या रेणूंना धडकून गेले.

१९७८ च्या जूनमध्ये प्रकल्पाला मंजुरी मिळाली.

दिवसाला छत्तीस हजार वेळा उघडणारा पडदा

अँटीप्रोटॉन अ‍ॅक्युम्युलेटर, थोडक्यात एए, बांधायची जबाबदारी रॉय बिलिंज आणि व्हॅन डर मेर यांच्यावर संयुक्तपणे आली. परिघ १५७ मीटर. मंजुरीनंतर दोन वर्षांत, जुलै १९८० मध्ये, त्यात झोत फिरू लागला. अशा जातीचं यंत्र जगात आधी कुणी बांधलं नव्हतं, हे लक्षात घेतलं की या दोन वर्षांचं मोल कळतं.

त्याचं काम असं चाले. दर २.४ सेकंदांनी पीएसमधून २६ जीईव्हीचे सुमारे दहा लाख कोटी प्रोटॉन लक्ष्यावर येत. त्यातून बाहेर पडणारे अँटीप्रोटॉन व्हॅन डर मेर यांच्याच जुन्या कर्ण्याच्या तत्त्वावरचा चुंबकीय हॉर्न आत वळवून घेई. प्रत्येक खेपेला ६०-७० लाख अँटीप्रोटॉन कड्याच्या बाहेरच्या मार्गावर येत आणि पुढच्या दोन सेकंदांत त्यांचं प्राथमिक शीतन होई. मग रेडिओ-लहरींनी त्यांना आतल्या साठ्याकडे सरकवलं जाई आणि बाहेरचा मार्ग नव्या खेपेसाठी मोकळा होई.

इथे एक अडचण होती जी कागदावर सहज सुटते आणि कारखान्यात घाम काढते. नव्या खेपेला थंड करणाऱ्या जोरदार किकरची झळ शेजारीच फिरणाऱ्या थंड साठ्याला लागता कामा नये. म्हणून दोघांच्या मध्ये फेराइटचा पडदा होता. खेप थंड होईपर्यंत तो मध्ये उभा, मग खाली जाऊन वाट मोकळी करणारा, मग पुन्हा वर. हे सगळं अतिउच्च निर्वातात, दर २.४ सेकंदांनी. दिवसाला ३६,००० वेळा. यांत्रिक हालचाल आणि निर्वात यांचं वैर ज्यांनी हाताने अनुभवलंय, त्यांना या एका पडद्यामागची मेहनत वेगळी सांगायला नको.

साठ्याचं शीतन दिवसभर चाले. ३६,००० खेपा गुणिले साठेक लाख म्हणजे सगळं सुरळीत असेल तर दिवसाला वीस हजार कोटींच्या आसपास अँटीप्रोटॉन. ऐकायला आकडा मोठा, पण वजनात तो एका ग्रॅमचा अब्जावा भागसुद्धा नाही. तेवढ्यासाठी दिवसभर वीज, निर्वात, चुंबक, अँप्लिफायर सगळं एकाच वेळी धड चालावं लागे. एखादा वीजपुरवठा क्षणभर डगमगला की कालपासूनची कमाई नळीच्या भिंतीवर जाई आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. चुंबकांच्या वीजपुरवठ्यात नऊ वर्षं घालवलेला माणूस या यंत्राच्या प्रमुखपदी असणं, हे म्हणूनच मला प्रकल्पाचं भाग्य वाटतं. झोत कुठे हरवतो हे त्यांना समीकरणातून जितकं कळे तितकंच प्रवाहाच्या स्थिरतेतून. मितभाषी म्हणून ओळखला जाणारा हा प्रमुख नियंत्रण कक्षात स्वतः बसून यंत्र चालवी आणि त्यासाठीचे संगणक-प्रोग्रॅमही स्वतः लिही.

साठा तयार झाला की त्यातला भाग काढून आधी पीएसमध्ये, तिथे २६ जीईव्हीपर्यंत वेग देऊन मग एसपीएसमध्ये. एवढ्या कष्टाने जमवलेले कण वाटेत सांडू नयेत म्हणून मार्गांची तालीम आधी साध्या प्रोटॉनांवर केली जाई. जुलै १९८१ मध्ये एसपीएसमध्ये प्रोटॉन आणि अँटीप्रोटॉन प्रथमच समोरासमोर आदळले. २७० अधिक २७०, म्हणजे ५४० जीईव्ही. त्याच कड्यातल्या स्थिर लक्ष्याच्या २७ च्या वीसपट.

जानेवारी १९८३

पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १९८२ च्या शरद ऋतूत झालेल्या प्रयोगसत्रातून रुबिया यांच्या यूए-१ गटाला डब्ल्यूच्या सहा घटना सापडल्या, यूए-२ गटाला चार. २० आणि २१ जानेवारी १९८३ रोजी सर्नच्या सभागृहात त्या मांडल्या गेल्या. उन्हाळ्याच्या तोंडावर झेडही मिळाला. पुढच्याच वर्षी नोबेल. प्रशस्तिपत्रात शब्द आहेत ते डब्ल्यू आणि झेड यांच्या शोधापर्यंत नेणाऱ्या मोठ्या प्रकल्पातल्या दोघांच्या निर्णायक वाट्याबद्दलचे. असा प्रकल्प बांधण्यातल्या वाट्याचा उल्लेख नोबेलच्या प्रशस्तिपत्रात क्वचितच येतो.

दहा घटना. त्यांच्यासाठी किती अँटीप्रोटॉन, किती खेपा, पडद्याच्या किती उघडझापा झाल्या असतील याचा हिशेब मनात सुरू झाला की तो सहजी थांबत नाही.

या प्रकरणातून मला काय दिसतं

कुणी म्हणेल, रुबियांचा रेटा नसता तर तो कागद तसाच राहिला असता. खरं आहे. रुबिया आग्रही होते, लोकांना सोबत ओढणारे होते, आणि व्हॅन डर मेर यांच्याकडे तो स्वभाव नव्हता. पण उलटंही तितकंच खरं आहे. हा कागद नसता तर रुबियांच्या प्रस्तावाला अँटीप्रोटॉन कुठून मिळाले असते? आग्रही माणसं प्रत्येक संस्थेत असतात. चार वर्षं आधी केलेला हिशेब नीट नोंदवून, 'जमेल असं वाटत नाही' असं प्रामाणिकपणे लिहूनही जपून ठेवणारी माणसं कमी असतात.

संस्थेचंही श्रेय आहे. वीजपुरवठ्याच्या विभागातला इंजिनिअर स्वतःच्या कामाबाहेरचा अहवाल लिहितो, त्याला क्रमांक मिळतो, तो वाटला जातो, शेजारच्या गटातले लोक तो वाचतात आणि त्यावर चालत्या यंत्रात प्रयोग करून पाहतात. आपल्याकडच्या किती संस्थांत देखभाल विभागातल्या इंजिनिअरची टिपणं शास्त्रज्ञ वाचतात, हा प्रश्न मला छळतो. आणि तो फक्त त्वरकांपुरता नाही.

शिकवणाऱ्यांसाठी आणखी एक. कर्णा, स्कॅन आणि शीतन या तिन्ही गोष्टींमागचं गणित अभियांत्रिकीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला समजावून सांगता येतं. प्रवाहाभोवतीचं चुंबकीय क्षेत्र, आलेखाखालचं क्षेत्रफळ, अभिप्राय-वलय (फीडबॅक लूप) आणि गोंगाट. ही साधी हत्यारं अशा जागी नेऊन लावण्याची हिंमत व्हॅन डर मेर यांनी केली, जिथे ती चालतील असं भौतिकशास्त्रज्ञांना वाटलं नव्हतं. नियंत्रणशास्त्राच्या वर्गात उदाहरण म्हणून पाण्याची टाकी आणि मोटरचा वेग जरूर शिकवावा. पण एकदा तरी फळ्यावर एक वर्तुळ काढावं, त्यात एक आडवी रेघ मारावी आणि विचारावं, संदेश कणाच्या आधी कसा पोचेल?

एएचं आयुष्य पुढेही चाललं. १९८७ मध्ये त्याच्याभोवती दुसरं कडं आलं आणि अँटीप्रोटॉन मिळण्याचा वेग वाढला. व्हॅन डर मेर यांनी लिअर या छोट्या कड्यासाठी साठा अगदी मंद गतीने, तासनतास, थेंब थेंब काढण्याची पद्धतही काढली. तिच्यातही गोंगाटच कामाला लावला होता, या वेळी मुद्दाम घातलेला. अमेरिकेत फर्मिलॅबने याच शीतनावर टेव्हाट्रॉन या टक्कर-यंत्राचा अँटीप्रोटॉन साठा उभारला, आणि तिथे १९९५ मध्ये टॉप क्वार्क हा मूलकण सापडला. त्या शोधातल्या डी-झीरो प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोकही होते.

सर्नच्या एलएचसी या महाकाय टक्कर-यंत्रामध्ये दोन्ही बाजूंनी प्रोटॉनच असतात, त्यामुळे तिथे अँटीप्रोटॉनचा साठा लागत नाही. त्या यंत्राचे अवजड चुंबक ज्या हजारो जॅकवर उभे आहेत, ते इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राच्या देखरेखीखाली भारतात बनून गेले. मिलिमीटरच्या अंशात चुंबक वर-खाली, आडवा सरकवता यावा, हे त्या जॅकचं काम. २०१० मध्ये तिथे पहिल्यांदा टकरींचं प्रमाण पक्कं करायची वेळ आली, तेव्हा झोत थोडा थोडा बाजूला सरकवून, प्रत्येक जागी टकरी मोजून, आलेखाखालचं क्षेत्रफळ काढलं गेलं. ही पद्धत लिहिणारे गृहस्थ तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. ४ मार्च २०११ रोजी जिनिव्हात त्यांचं निधन झालं. एलएचसीत तो स्कॅन आजही ठरावीक दिवस राखून केला जातो.